मडकी फोडायला पैसा आहे, माणूस सावरायला नाही!

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाची, २०१६ सालची गोष्ट. जंगलाला लागून असलेल्या एका गावात बचत गटातल्या बायकांबरोबर मी धाडीला गेले होते. रात्रीचे आठ वाजले असतील. पुढे दोन पोलीस, मागे तीस-पस्तीस बायका, हातात काठ्या आणि तोंडात घोषणा. गावाच्या टोकाला एका घरामागे जमिनीत पुरलेली तीन मडकी सापडली. मोहसडव्याचा वास नाकात भरला. बायकांनी मडकी फोडली. एक मीही फोडलं. त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करते.

घरमालकीण विधवा होती. पदराला दोन मुलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मडकं फोडलं, बरं केलं. आता उद्या पोट्ट्यायले का चारू, थेही सांगून जा."

आमच्यापैकी कोणापाशीच उत्तर नव्हतं. पंचनामा झाला, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल झाला. आमच्या मोर्चाच्या सर्वांत पुढे जी बाई होती, तिचा हात आठ दिवसांपूर्वी नवऱ्याने पिरगाळला होता. तो याच घरी प्यायला होता. म्हणजे एकाच मडक्याच्या अलीकडे-पलीकडे दोन बायका उभ्या होत्या. एकीचा संसार त्या मडक्याने मोडला होता, दुसरीचा त्याच मडक्यावर चालला होता. वणीच्या बाजूने रात्री पव्व्यांच्या पेट्या आणणारा गाडीवाला मात्र त्या रात्री आमच्या कोणाच्याच समोर नव्हता. नवराही नव्हता. तो कुठेतरी दुसरीकडे पीत बसला असेल.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. हा लेख म्हणजे तेच उत्तर नीट मांडण्याचा प्रयत्न आहे. दारूबंदी असावी की नसावी, या वादात मी इथे शिरणार नाही. त्यावर आपण खूप बोललो आहोत. मला विचारायचं आहे ते हे: बंदी आणली तेव्हा आणि बंदी उठवली तेव्हाही, दारूपायी गुन्ह्यात अडकलेल्या माणसांना सावरण्यासाठी गावागावात काम करायला शासनाने पैसा का दिला नाही? आणि आपण तो का मागितला नाही?

आकडे कोणाचे, अर्थ कोणाचा?

थोडा इतिहास आठवू या. गडचिरोलीत गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, वर्षानुवर्षं रेटा लावला तेव्हा १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायकांना आणखी बावीस वर्षं झगडावं लागलं. श्रमिक एल्गार आणि पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव दिले. समिती नेमली गेली, अहवाल आला, तो धूळ खात पडला. बायकांनी डोक्यावरचे केस उतरवले. अखेर जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. ही बंदी कोणा मंत्र्याने दिलेली भेट नव्हती. ती बायकांनी चालून, उपाशी राहून, अंगावर केसेस घेऊन मिळवली होती.

आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठवली गेली.

बंदी उठवताना शासनाने जी कारणं दिली ती प्रत्येक कार्यकर्तीने पुन्हा वाचावीत अशी आहेत. बंदीआधीच्या पाच वर्षांत १६,१३२ गुन्हे दाखल झाले होते, बंदीच्या काळात ४०,३८१ झाले. आधी १,७२९ महिलांचा गुन्ह्यांत सहभाग होता, बंदीच्या काळात तो ४,०४२ महिलांचा झाला. ३२२ मुलंही गुन्ह्यांत सापडली. आणि शेवटी खरं दुखणं: उत्पादन शुल्काचे १,६०६ कोटी आणि विक्रीकराचे ९६४ कोटी, असा एकूण २,५७० कोटी रुपयांचा महसूल बुडाला.

आता या आकड्यांकडे आपल्या डोळ्यांनी पाहू. विक्रीच गुन्हा ठरवली की गुन्ह्यांची नोंद वाढणारच, हे सांगायला समिती कशाला लागते? पण ते बाजूला ठेवू. ४,०४२ महिला! ज्या शासनाला या बायकांचा इतका कळवळा आला, त्याने पुढे त्यांच्यासाठी काय केलं? दुकानं उघडली. दुकानांचे परवाने या बायकांना मिळाले का? त्यांच्यावरच्या केसेस मागे घेतल्या का? मडकं सोडून दुसरा धंदा करायला कोणी भांडवल दिलं का? दुकान उघडल्याने विधवेच्या चुलीत काय पडलं? तिच्या नावाचा वापर झाला तो फक्त बंदी उठवायचं कारण म्हणून. आधी ती बंदीचा बळी म्हणून कागदावर आली आणि दुकानांची कुलपं निघाल्यावर कागदावरून गायब झाली.

हे चंद्रपूरपुरतंच झालं असं नाही. १९९२ मध्ये आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरता वर्गातून अर्राकविरोधी लढा उभारला, तो राज्यभर पसरला. १९९५ मध्ये तिथे दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये तिजोरीचं कारण सांगून उठली. बायकांनी मिळवलेली बंदी तिजोरीला नडते तेव्हा उठते. बंदी उठल्यावर गावात मागे काय उरतं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. बंदी असतानाच्या वर्षांत गावात उपचार, समुपदेशन, रोजगार, गावसमिती असं काही उभं राहिलं असेल, तर बंदी उठली तरी ते टिकतं. नुसत्या धाडी झाल्या असतील तर मागे उरतात ती फुटकी मडकी आणि कोर्टाच्या तारखा.

गुन्हेगार कोण?

दारूच्या संदर्भात गुन्हेगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. प्रत्यक्ष कामात मला तीन चेहरे दिसतात.

पहिली, विकणारी बाई. तिच्याबद्दल वर लिहिलंच आहे. पुढे काय होतं तेही सांगते. केस तालुक्याच्या कोर्टात जाते. तारीख पडते. गावाहून एसटी एकच, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. वकिलाची फी द्यायची. जामीनदार आणायचा, त्याचाही दिवस भरून द्यायचा. तेंदूपत्त्याचे चार पैसे त्यात जातात. मग केसचा खर्च भागवायला ती काय करते? पुन्हा मडकं पुरते. मी असं चक्र एकदा नाही, कितीतरी घरांत पाहिलं आहे. कायदा तिला दारू विकण्यापासून थांबवत नाही, दारू विकायला भाग पाडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मोह हे झाड गोंड, माडिया, कोलाम समाजात जन्मापासून मरणापर्यंत लागतं. फूल पोट भरतं, टोळीचं तेल निघतं, पूजेत मोहाची धार लागते. देवापुढे धार सोडणारी आजी आणि गूळ-नवसागर घालून शेकड्याने पिशव्या भरणारा धंदेवाला यांना एकाच कलमाखाली आणणं हा अन्याय आहे. आपल्या घोषणाही कधी कधी हा फरक विसरतात.

दुसरा, पिणारा. तो भांडणात, चोरीत, गाडी ठोकण्यात, जुगारात सापडतो. लॉकअपमध्ये जातो. ज्याला रोज प्यायची सवय आहे त्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जिवाला मुकतो. डॉक्टरांच्या पुस्तकातलं हे साधं ज्ञान आहे. पण कोठडीत ते "नाटक करतो" या दोन शब्दांत संपतं. जगला वाचला तर सुटतो, आणि सुटल्याच्या संध्याकाळी पुन्हा पितो. त्याला शिक्षा झाली, उपचार झाला नाही.

तिसरा, पिऊन बायकोला मारणारा. त्याच्याबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं, कारण आपल्या चळवळीने फार कष्टाने एक गोष्ट समाजाला शिकवली आहे: दारू हे मारहाणीचं कारण नाही, निमित्त आहे. पिऊन घरी आलेला नवरा वाटेत पाटलाला मारत नाही, सावकाराला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. हात कोणावर उचलायचा हे त्याला नशेतही नेमकं कळतं. न पिणारेही मारतातच. म्हणून "तो आजारी आहे, समजून घे" असं कोणी बाईला सांगू लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण हेही तितकंच खरं आहे की तक्रार केलेली बाई आठ दिवसांनी त्याच नवऱ्याचा जामीन भरायला कोर्टाच्या आवारात उभी असते. मंगळसूत्र गहाण टाकून. का? कारण धानाचा हंगाम आहे, घरात दुसरा कमावणारा नाही आणि सासू म्हणते, तूच आत टाकलंस, तूच काढ. कायद्याने तिला तक्रार दिली, पण तक्रारीनंतरची वाट दिली नाही.

कायद्यात आहे, गावात नाही

शासन म्हणेल, तरतुदी नाहीत का? आहेत. एक एक पाहू.

१९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. लहान गुन्ह्यातल्या माणसाला तुरुंगात न टाकता देखरेखीखाली सोडता येतं. त्याच्या कलम ४ मध्ये तर कोर्ट बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अटही घालू शकतं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३९ मध्ये व्यसनी माणसाला उपचारासाठी सोडण्याची सोय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, समुपदेशनाची तरतूद आहे. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ मध्ये आलं. केंद्र शासनाची स्वयंसेवी संस्थांमार्फत व्यसनमुक्ती केंद्रं चालवण्याची योजना तर ऐंशीच्या दशकापासून आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, १५ ऑगस्ट २०२० पासून नशामुक्त भारत अभियान सुरू झालं.

कागदावर इतकं सगळं आहे. मग न्यायाधीशाने "नशा करणार नाही" अशी अट घातली, तर ती पाळायला त्या माणसाला मदत कोण करणार? दारू सोडायची अट घालणं म्हणजे ताप आलेल्याला "उद्यापासून ताप नको" असं बजावण्यासारखं आहे. परिवीक्षा अधिकारी बसतो जिल्ह्याच्या ठिकाणी. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटर दूर. तो बिचारा बालसुधाराचं काम बघेल, अहवाल लिहील, की भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावर जाऊन अमुक माणूस आज प्यायला का ते बघेल?

दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या व्यसनात पूर्ण अडकलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० मागे एकाला. ही देशाची सरासरी आहे, तीत शहरंही आली. जंगलातल्या गावाचं काय असेल याचा अंदाज आपण करू शकतो. ही पोकळी भरून काढतात खांबावरच्या जाहिराती: "न सांगता दारू सोडवा." बायका पोटाला चिमटा काढून ती पुडी विकत घेतात आणि नवऱ्याच्या भाजीत कालवतात. त्या पुडीत काय असतं कोणालाच ठाऊक नसतं. दारूची किळस आणणारं औषध न सांगता दिलं आणि वर त्याने दारू प्याली तर जिवावर बेतू शकतं. मग बाईवरच विष घातल्याचा आळ!

आणि जो पैसा येतो तो कसा खर्च होतो? २६ जूनला नशाविरोधी दिनाची फेरी. शाळेच्या मुलांच्या हातात फलक. शपथ. पथनाट्य. फोटो. मार्च महिन्यात उरलेला निधी संपवायला एक मेळावा. मी स्वतः समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन या क्षेत्रात आले, आणि पहिली दोन वर्षं मी बहुतेक फेऱ्याच काढल्या. एका संस्थेत असताना मंजूर झालेलं अनुदान आठ महिने आलं नाही. गावात काम करणाऱ्या पाच बायकांचं मानधन थकलं. त्यातल्या दोघी सोडून गेल्या. ज्या माणसांनी त्यांच्या भरवशावर दारू सोडली होती, त्यांना काय सांगायचं? अनुदान आलं की तुमचं व्यसन पुन्हा सोडवू?

व्यसन सुटणं म्हणजे एक दिवसाचं शिबिर नव्हे. माणूस सोडतो, घसरतो, पुन्हा सोडतो. वर्ष, दोन वर्षं कोणीतरी त्याच्या दारात जावं लागतं. आणि वरून मिळतो तो अकरा महिन्यांचा करार!

"गुन्हेगारांवर पैसा का?"

आपल्याच मैत्रिणी मला हा प्रश्न विचारतात आणि तो खरा आहे. मार खाणाऱ्या बाईला निवारा नाही, दवाखान्यात तिचा जबाब नीट कोणी घेत नाही, आणि तुम्ही मारणाऱ्यावर शासनाचे पैसे खर्च करायला सांगता?

माझं उत्तर असं. हा खर्च त्या माणसाच्या सुखासाठी नाही. तो आजही होतोच आहे, फक्त तो बाई भरते. तिच्या मंगळसूत्रातून जामीन निघतो, तिच्या मजुरीतून वकील निघतो, तिच्या हाडांतून त्याची नशा उतरते. तुरुंगातून तो जसा गेला तसाच परत येतो आणि येतो तिच्याच घरी. मग त्याच्यावर आधी काम करायची जबाबदारी शासनाची की तिची?

पण मी हेही म्हणते की असा प्रत्येक रुपया अटींनी बांधलेला हवा. एक, उपचार घेतोय म्हणून हिंसाचाराची केस मागे घ्यायला बाईला कोणीही सांगायचं नाही. उपचार शिक्षेऐवजी सूट म्हणून नको. दोन, नवऱ्याच्या प्रत्येक पाठपुराव्याच्या वेळी बायकोला वेगळं भेटायचं, आणि "दारू सुटली का" याआधी "हात उचलतो का" हे विचारायचं. तीन, ती वेगळं राहायचं म्हणत असेल तर कार्यक्रमाने तिच्या बाजूने उभं राहायचं. घर जोडणं हा कार्यक्रमाच्या यशाचा मापदंड नाही. चार, उपचाराच्या नावाखाली कोंडून घालणं, साखळ्या, मारहाण चालणार नाही. माणसाला मारून माणूस करता येत नाही, हे आपण बायकांनी इतरांना सांगायला हवं, कारण मार म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

जगात हे काही नवीन नाही. अमेरिकेत मायामी शहरात १९८९ साली व्यसनी आरोपींसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं, तिथे न्यायाधीश तुरुंगाऐवजी उपचाराचा मार्ग देतो आणि स्वतः पाठपुरावा करतो. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांबरोबर, कैदी बायकांबरोबर काम करतो आहे. आपल्याला मायामीसारखं नवीन कोर्टही नको. तालुक्याच्या कोर्टात आठवड्यातून दोन दिवस बसणारी, पोलीस ठाण्यात जाऊ शकणारी, गाव ओळखणारी एक कार्यकर्ती हवी.

होऊ शकतं, हे दिसलं आहे

गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था यांच्या सहभागातून ते सुरू झालं. गावोगाव संघटना, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक, गावात उपचार शिबिरं, आणि अवैध विक्रीविरुद्ध गावाची कृती अशी त्याची रचना. वर्तमानपत्रात बातमी येते ती "मोहसडवा नष्ट" अशी, क्लिनिकला चार ओळीही मिळत नाहीत. पण माझ्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट क्लिनिकच आहे: उपचार गावाजवळ आणि ठरलेल्या वारी. शासनाचा पैसा लोकांच्या कामात वर्षानुवर्षं लावता येतो, हे यातून सिद्ध झालं. मग हे चंद्रपूरला का नाही? वैनगंगेचा पूल ओलांडला की उघडी दुकानं आहेत. अलीकडे बंदी, पलीकडे दुकान, आणि मध्ये आपली माणसं. दोन्ही जिल्ह्यांचा प्रश्न एकच असताना उपाय एकाच काठावर का?

दुसरं, ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सगळ्यांच्या सहमतीने गावाचे नियम ठरवून ते पाळून दाखवले आहेत. आपल्याला देवाच्या धारेला किती मोह चालेल आणि विक्रीला का चालणार नाही, हा फरक पोलीस करू शकत नाहीत, ग्रामसभा करू शकते. पण अधिकार दिला आणि हात रिकामे ठेवले तर अधिकाराचं काय करायचं?

शंभरातला एक रुपया

पैसा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. शासनाचाच हिशोब घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातून पाच वर्षांत २,५७० कोटी बुडाले म्हणता, म्हणजे वर्षाला ५१४ कोटी. आता दुकानं उघडली, पैसा पुन्हा येतो आहे. त्यातल्या शंभर रुपयांतला फक्त एक रुपया मागते. वर्षाला ५ कोटी १४ लाख. जिल्ह्यात तालुके पंधरा, म्हणजे दर तालुक्याला वर्षाला सुमारे ३४ लाख.

या ३४ लाखांत काय होतं? एक प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती, ३.६ लाख. एक नर्स-समुपदेशक, ३ लाख. दहा गावसाथी बायका, महिना आठ हजारांनी ९.६ लाख. आठवड्याला एकदा डॉक्टर, २.६ लाख. औषधं ३ लाख. गाडी ५ लाख. विकणाऱ्या बायकांना दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल ५ लाख. बेरीज ३१.८ लाख. कोर्टाच्या खेपा, कागद, फोनला दोन लाख उरतात. हे मी बसून वहीत मांडलं आहे, कोणीही तपासून बघावं.

शंभरातले नव्याण्णव शासनाने ठेवावेत. राज्याचा दारूपासूनचा महसूल आज वर्षाला वीस हजार कोटींच्या वर आहे. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवताना वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील असं शासनाने सांगितलं. बहिणीच्या खात्यात दीड हजार टाकायचे आणि भावाच्या, नवऱ्याच्या बाटलीतून ते वसूल करायचे, हा हिशोब बायकांना कळत नाही असं समजू नका.

शिवाय दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. कोळसा आणि लोहखनिज आपल्याच जमिनीखालून निघतं, आणि आरोग्य व महिला-बालकल्याण हे त्या निधीचे प्राधान्याचे विषय आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, त्यातही आरोग्य हा विषय आहे. त्यातून कमानी आणि पेव्हर ब्लॉक होतात. ग्रामसभेत बायका बसल्या आणि बोलल्या तर गावसाथीचं मानधनही होईल.

आपल्या मागण्या, आपली कबुली

दारू महसुलाचा एक टक्का व्यसनमुक्तीच्या गावपातळीवरच्या कामाला कायद्याने बांधून द्या. तो निधी निदान पाच वर्षांसाठी मंजूर करा आणि तिमाहीच्या सुरुवातीला द्या, शेवटी नव्हे. खर्चावर ग्रामसभेची आणि महिला संघटनांची देखरेख ठेवा. दर पोलीस ठाण्यात आणि तुरुंगात दारू तुटल्याच्या त्रासावर उपचाराची सोय करा. कलम ६५ च्या पहिल्या लहान गुन्ह्यात सापडलेल्या बाईला परिवीक्षेचा फायदा आणि धंद्याला भांडवल द्या. धाड घालायची तर ती गाडीवाल्यावर, पेट्यांच्या मालकावर आणि त्याच्या पाठीराख्यावर घाला.

आणि मैत्रिणींनो, आता आपल्याबद्दल. आपण बाटली आडवी करायला मतदान घेतलं, मोर्चे काढले, धाडी घातल्या. त्याचा मला अभिमान आहे. पण विकणाऱ्या बाईला आपण कधी बैठकीला बोलावलं? ती आपल्यातली नव्हती का? आपल्या मागण्यांच्या निवेदनात "बंद करा" हा शब्द दहादा येतो, "सुरू करा" किती वेळा येतो? मडकं फोडणं सोपं होतं. पोलिसांनाही ते आवडतं, कारण त्यात मोठ्या माणसाला हात लावावा लागत नाही.

येत्या ग्रामसभेत आराखड्याचा विषय निघेल तेव्हा गावसाथीच्या मानधनाचा ठराव मांडा. मोहाच्या हंगामाआधी, निदान यंदा, विकणाऱ्या बायकांची आणि मार खाणाऱ्या बायकांची एकत्र बैठक घ्या. भांडणं होतील, होऊ द्या. जिल्हा नियोजन समितीवर धडक मारायची तर दोघींना बरोबर घेऊन जाऊ.

ज्या बाईचं मडकं मी फोडलं, तिची केस पुढे तीन वर्षं चालली. शेवटच्या तारखेला मी तिच्याबरोबर गेले होते. दंड झाला. परतीच्या एसटीत तिने मला अर्धी भाकर दिली आणि विचारलं, "आता पुन्हा धाडीले याल का ताई?" मी म्हटलं, येईन, पण रिकाम्या हाताने येणार नाही.

तो शब्द मी एकटीने पाळू शकत नाही.